खरा ताप किती? एका बंद नळीची गोष्ट

कोरोनाच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. एका कार्यालयाच्या दारात माझ्या कपाळाला 'बंदूक' लावली, आकडा आला 94. जिना चढून वर गेलो, तिथल्या बंदुकीवर 99! बातमी केली, लोक हसले. पण खरा आकडा ठरवतं कोण, हे त्या बातमीत राहूनच गेलं.

थर्मामीटर तपासायचा तर आधी सगळीकडे एकसारखं तापमान असलेली जागा पाहिजे. आणि तीच मिळत नाही. भट्टीचा मध्य आणि तोंड यांत बराच फरक पडतो. मग चूक थर्मामीटरची की भट्टीची?

यावरचा एक उपाय भलत्याच कामातून आला. जनरल मोटर्सच्या रिचर्ड गॉगलर यांना फ्रिजसाठी एका नळीचं पेटंट 1944 साली मिळालं, पण ते तसंच पडून राहिलं. 1963 मध्ये अमेरिकेतल्याच लॉस अलामॉसच्या अणुप्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी अवकाशातल्या वीजनिर्मितीसाठी तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली. 'हीट पाईप' हे नाव त्यांचं.

नळीतली हवा काढायची, थोडा द्रव घालायचा आणि तोंड कायमचं बंद. आतून जाळीचं अस्तर. गरम टोकाला द्रवाची वाफ होते, ती गार टोकाकडे धावते, तिथे उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि दिव्याच्या वातीत तेल चढावं तसा तो द्रव जाळीतून परत येतो. ना पंप, ना मोटर. एखादी जागा जरा गार पडली की वाफ आपणहून तिथेच जास्त जमते आणि उणीव भरून काढते. त्यामुळे नळीभर तापमान जवळपास एकच. चांदी 961.78 अंशांना गोठते. थर्मामीटर तपासायच्या या ठरलेल्या बिंदूसाठी भट्टीत सोडियम भरलेली अशी नळी बसवतात. होय, सोडियमची वाफ!

पुढची करामत इटलीतली, इस्प्रा आणि तुरीनच्या प्रयोगशाळांमधली. महाबळेश्वरला पाणी 100 च्या आधीच, साधारण 95-96 अंशांना उकळतं आणि कुकरमध्ये 100 च्या पुढे जातं, कारण दाब. तिथल्या लोकांनी नळीला हेलियमसारख्या वायूचा दाब जोडला. दाब धरून ठेवला की तापमान अंशाच्या हजाराव्या भागापर्यंत स्थिर. म्हणजे तापमान हवं तर दाब फिरवा.

आपल्याकडे तापमानाचं राष्ट्रीय मानक दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. तिथून मान्यताप्राप्त प्रयोगशाळा, तिथून कारखाने, दवाखाने अशी साखळी. कपाळाच्या बंदुकीला सोडियम नको, नीट ढवळलेल्या पाण्यात बुडवलेली काळी पोकळीसुद्धा पुरते. पण तपासायला कुणी न्यायला तर हवी! लस 2 ते 8 अंशांत ठेवायची असते. त्या फ्रिजचा थर्मामीटरच चुकत असेल तर आतल्या लसीचं काय?

मागे एका दवाखान्यात तपासणीचा कागद मागितला. उत्तर मिळालं, "नवीनच आहे की साहेब!"

तुमच्याकडच्या लसीच्या फ्रिजच्या थर्मामीटरवर तपासणीची तारीख आहे का? बघा आणि कमेंटमध्ये टाका. गावाचं नाव लिहा, माणसाचं नको.