न दुखणारं दुखणं : वऱ्हाडातला वाहता कान



वऱ्हाडात कानाच्या रोगाला मोजकेच शब्द आहेत. कान फुटला, नाहीतर कान वाहतो. डॉक्टरांनी विचारलं तर अकोल्याकडचा शेतकरी सांगतो, ‘लहानपनापासून वायते जी, पन दुखत नाही.’ आज आपण या ‘पन’चा इतिहास पाहू.

तत्त्वज्ञान शिकवताना आम्ही वेदनेला शरीराचा पहारेकरी म्हणत असू. वाहत्या कानाच्या बाबतीत हा पहारेकरी झोपी जातो. पडद्याला भोक पडलं की आत साचलेल्या पुवाला वाट मिळते, ताण जातो, ठणका थांबतो. माणसाला वाटतं, बरं झालं. भोक बुजलं नाही तर मात्र जुनाट रोग तिथूनच सुरू होतो. सर्दी झाली की कान वाहतो, विहिरीत पोहलं की वाहतो, आणि हळूहळू ऐकू कमी येतं.

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग मोजले आहेत. त्यांत ‘कर्णस्राव’ वेगळा आणि ‘पूतिकर्ण’, म्हणजे घाण वासाचा कान, वेगळा. आजच्या वैद्यकातले प्रकार त्यांच्याशी तंतोतंत जुळत नाहीत, पण वासाची वेगळी नोंद घ्यावी हे तेव्हा उमगलं होतं. आपल्या बोलीत दोन्हींना ‘वाहणं’ एवढंच उरलं. भरपूर, बिनवासाचा स्राव सहसा पडद्याच्या मधल्या भोकातून येतो. थोडाच, पण घाण वासाचा असेल, तर कातडीची पिशवी आत वाढून हाड पोखरत असू शकते, आणि तो रोग मेंदूपर्यंत जाऊ शकतो. तपासणी दोघांनाही हवी, पण दुसऱ्याला उशीर परवडत नाही.

एकोणिसाव्या शतकात कानामागचं हाड कोरून पू काढण्याची शस्त्रक्रिया रुळली. ती जीव वाचवण्यासाठी होती. पडदा नव्याने बसवून ऐकू येणं सुधारण्याचं शास्त्र १९५०च्या दशकात जर्मनीत वुलस्टाइन आणि झोलनर यांनी उभं केलं. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकाचा वापरही त्याच सुमारास वाढला.

वऱ्हाडाला हे किती लांब होतं? नागपूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९४७चं, सेवाग्रामचं १९६९चं. अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या नावाचं महाविद्यालय १९८४ला निघालं, अकोल्याचं शासकीय २००२ला. तोवर अवघड कानाला वाट बहुतेक नागपूरची, सेवाग्रामची, नाहीतर मुंबईची. चिठ्ठी मिळायची, पण तिथे राहायचं कुठे? हा प्रश्न अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांना कळला होता. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ त्यांची धर्मशाळा आहे, ती बाहेरगावच्या रुग्णांसाठी आणि त्यांच्या सोबत्यांसाठी. रुग्णाला पुढे पाठवणं म्हणजे नुसती चिठ्ठी नव्हे, हे त्या धर्मशाळेवरून शिकावं.

पुढे २००७ला बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. २०१२ला राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत अमरावती होतं. तीच आज महात्मा फुले यांच्या नावाने चालते. अंतर कमी झालं, पैशाची अडचणही काहीशी हलली. राहिला तो ‘पन’. पेरणी झाल्यावर पाहू, वेचणी झाल्यावर पाहू, असं म्हणत पंचवीस वर्षं जातात.

म्हणून घरात कुणाचा कान वाहत असेल तर एवढं करू या. कानात लसणाचं तेल नको, काडी नको, पाणी जाऊ द्यायचं नाही. थेंब डॉक्टरांनी दिलेलेच. दोन आठवड्यांत थांबला नाही, पुन्हा पुन्हा वाहिला किंवा ऐकू कमी आलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून पडदा आणि ऐकणं दोन्ही तपासून घ्यायचं. स्रावाला वास येत असेल तर चालढकल नको. चक्कर आली, तोंड वाकडं झालं, कानामागे सूज आली, ताप येऊन डोकं ठणकू लागलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.

आणि हो, ज्याला ऐकू कमी येतं त्याला एकट्याला पाठवू नका. तिथे डॉक्टर काय म्हणाले ते ऐकायला सोबत कुणीतरी लागतंच.