दूरची कळ



रात्री शेतातला पंप सुरू करायला जाणे म्हणजे काय, हे पांढरकवड्याच्या माणसाला सांगावे लागत नाही. थ्री फेजची लाईट पाळीपाळीने येत आली आहे. कधी दिवसा, कधी ऐन मध्यरात्री. वाटेत साप-विंचू असतातच. 2016 ते 2018 या काळात तर या जंगलपट्ट्यात टी-1 वाघिणीची दहशत होती. 13 माणसांचे मृत्यू तिच्या नावावर मांडले गेले, आणि 2 नोव्हेंबर 2018 च्या रात्री ती गोळीने मारली गेली. अशा मुलखात घरी बसून शेतातली कळ दाबता आली तर, हा विचार चैनीचा नव्हे, जिवाच्या काळजीचा आहे.

या दूरच्या कळीचा इतिहास जवळजवळ दोनशे वर्षांचा आहे. 1835 च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्री यांनी एक साधी युक्ती काढली. लोखंडाभोवती तारेचे वेटोळे घालायचे. त्यातून थोडीशी वीज सोडली की लोखंडाचे चुंबक होते, ते एक पट्टी ओढते, आणि त्या पट्टीने दुसऱ्याच तारेतली मोठी वीज सुरू होते. यालाच रिले म्हणतात. गंमत अशी, की लहान वीज मोठ्या विजेला हुकूम देते, पण दोघींची गाठ कधी पडत नाही. तारायंत्राचे संदेश या रिलेच्या बळावर दूरदूर गेले. आपल्या देशात 1850 मध्ये कलकत्ता ते डायमंड हार्बर अशी तार प्रथम टाकली गेली. 2013 च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली. रिले मात्र राहिला.

तो शेतात आला तो पुण्याच्या मार्गाने. अभियंता संतोष ओस्तवाल यांनी आपल्या आजोबांना पंपासाठी रात्री-बेरात्री शेतात जाताना पाहिले होते. पुढे त्यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र सिद्ध केले. पंपाच्या स्टार्टरला ते जोडायचे, मोबाईलवरून फोन लावायचा. शेतात लाईट आहे की नाही हे कळते आणि पंप चालू-बंदही करता येतो. 2009 मध्ये नोकिया कंपनीच्या स्पर्धेत या यंत्राला बक्षीस मिळाले.

आता ही विद्या शाळेतल्या मुलांच्या हाती आली आहे. 2005 मध्ये इटलीत आर्डुइनो आणि 2012 मध्ये इंग्लंडमध्ये रास्पबेरी पाय ही हाताच्या तळव्यावर मावणारी संगणक-पाटी निघाली. जोडीला बाजारात स्मार्ट प्लग आला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये तो खोचायचा. त्याच्या पोटात रिले असतो आणि हुकूम वायफायवरून येतो. मुलाला वाटते, पाटी आहे, प्लग आहे, दोन तारा जोडल्या की झाले! शिक्षकबंधुभगिनींनो, नेमके इथेच त्याचा हात धरायला हवा.

पाटीची वीज 3.3 किंवा 5 व्होल्टची. तिला बोट लागले तरी काही होत नाही. सॉकेटमधली वीज 230 व्होल्टची. पुष्कळशा स्वस्त प्लगांच्या आत या दोहोंमध्ये भिंत नसते. आतल्या 3.3 व्होल्टच्या भागालाही फेज लागलेली असू शकते. प्लग उघडून, तो सॉकेटमध्ये असतानाच त्याच्या तारा पाटीला जोडल्या, तर पाटी, संगणक आणि त्याला हात लावणारे मूल, सगळ्यांनाच फेज भिडते. म्हणून पहिला नियम हा, की प्लग उघडायचा नाही. पाटीने प्लगशी बोलावे ते वायफायवरूनच. दोघांमध्ये हवा राहू द्यावी; हेन्रींच्या रिलेत जी फारकत होती, तीच ही.

दुसरा नियम प्लगच्या कुवतीचा. 6 अँपिअरच्या प्लगवर दिवा, पंखा चालेल. शेगडी किंवा पाण्याचा हीटर लावू नये. आणि तीन फेजचा शेतीपंप तर अशा प्लगचा विषयच नव्हे. त्याला स्टार्टर आणि जाणकार वायरमनच हवा.

तिसरा नियम असा, की लाईट जाऊन परत आली तर प्लग बंदच राहावा, अशी योजना त्यात करून ठेवावी. तसेच पाटीचा स्वतःचा वीजपुरवठा त्याच प्लगवर घेऊ नये. तिने प्लग बंद केला, तर तो पुन्हा चालू करायला तीच जागी राहणार नाही.

आणि चौथा नियम सर्वांत मोठा. दुरून बंद केलेली वस्तू ही सुरक्षित वस्तू नव्हे. रिलेची टोके कधी कधी चिकटून बसतात. सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर प्लग बंद असतानाही वस्तूत फेज जिवंत राहते. शिवाय तुम्ही पंपाशी वाकलेले असताना घरातून कोणी फोनवरून कळ दाबली तर? म्हणून हात घालण्यापूर्वी प्लग उपसावा. पंप असेल तर मेन स्विच पाडून फ्यूज काढावेत, ते खिशात ठेवावेत, आणि घरी तसे सांगावे.

अर्थिंग नीट असावे. तीन पिनांतली वरची पिन लांब का, हे मुलांना विचारा. खोचताना ती सर्वांत आधी लागावी आणि उपसताना शेवटी सुटावी, म्हणून. शाळेच्या मेन बोर्डावर 30 मिलीअँपिअरचा गळती-संरक्षक स्विच बसवून घेतला, तर फेज गळून माणसाच्या अंगातून जमिनीत वाहू लागताच तो पुरवठा तोडतो. प्रयोगासाठी आधी 5 व्होल्टचा दिवा घ्यावा. कळ दाबणे आणि हुकूम देणे यांतले सारे शिक्षण त्या इवल्या दिव्यावरही होते.

वाघाच्या वाटेवरून माणसाला घरी आणणारी ही विद्या आहे. तिने घरातच नवा धोका आणू नये, एवढे आपण सर्वांनी पाहायचे.