जागरणाचा हिशेब

आपल्या घरच्या माणसासाठीं अतिदक्षता विभागाच्या बंद दाराबाहेर ज्यास रात्र काढावी लागली आहे, त्याची दृष्टि आंत डोकावतांना प्रथम यंत्रांकडे जाते. पडद्यावर धांवणारी रेषा, श्वसनयंत्राचा एकसुरी आवाज, थेंबाथेंबानें उतरणारें औषध हें पाहून त्यास वाटतें, कीं आपला रुग्ण या यंत्रांच्या स्वाधीन आहे. ही समजूत अपुरी आहे. आणि ती अपुरी असल्यामुळेंच त्या यंत्रांपाशीं उभ्या असणाऱ्या परिचारिकेच्या श्रमांचा हिशेब समाजानें नीट मांडलेला नाहीं. आमचें म्हणणें स्पष्ट व्हावें म्हणून या विभागाच्या जन्मकथेकडे आम्ही वाचकांस घेऊन जातों.

इ. स. १९५२ च्या उन्हाळ्यांत डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथें पोलिओची भयंकर सांथ आली. ज्यांचे श्वासाचे स्नायूच लुळे पडले, अशा रुग्णांसाठीं तेथील ब्लेगडॅम रुग्णालयांत रोग्यास आंत निजवून श्वास देणारी मोठी यंत्रपेटी एकच होती, व छातीवर बसवावयाचीं लहान यंत्रें सहा. अशा पहिल्या ३१ रुग्णांपैकीं २७ दगावले. तेव्हां रुग्णालयाचे प्रमुख डॉ. लासेन यांनीं डॉ. ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञास पाचारण केलें. २७ ऑगस्ट रोजीं इब्सेन यांनीं एका बारा वर्षांच्या मुलीच्या श्वासनलिकेस छेद करवून तींत नळी बसविली, आणि नळीस जोडलेली रबरी पिशवी हातानें दाबून तिच्या फुप्फुसांत हवा घातली. मुलगी वांचली.

उपाय सांपडला, पण हात कोठून आणावयाचे? वैद्यकीच्या विद्यार्थ्यांस हांक देण्यांत आली. सुमारे १,५०० विद्यार्थ्यांनीं पाळीपाळीनें बसून एकंदर १,६५,००० तास या पिशव्या दाबल्या. एका वेळीं ७० पर्यंत रुग्ण अशा रीतीनें श्वास घेत होते. मृत्यूचें प्रमाण शेंकडा ८७ वरून निम्म्याहूनही खालीं आलें. या इतिहासांतील एक साधी गोष्ट आम्हांस फार महत्त्वाची वाटते. पिशवी दाबणारा विद्यार्थी दोन रुग्णांपाशीं एकदम बसूं शकत नव्हता. एका खाटेपाशीं एक माणूस, आणि तें थकलें कीं त्याच्या जागीं दुसरें, हा नियम कोणी उदारपणें घालून दिला नव्हता. कामच तसें होतें, आणि तें सर्वांस डोळ्यांनीं दिसत होतें.

डिसेंबर १९५३ मध्यें इब्सेन यांनीं त्याच शहरांतील दुसऱ्या एका रुग्णालयांत अत्यवस्थ रुग्णांसाठीं कायमचा विभाग उघडला, व ही पद्धति जगभर पसरली. हळूहळू हातांची जागा विजेवर चालणाऱ्या श्वसनयंत्रानें घेतली. विद्यार्थी आपल्या अभ्यासाकडे परतले; परिचारिका मात्र तेथेंच राहिली. यंत्र हवा घालतें, पण नळींत साठलेला कफ काढीत नाहीं, रुग्णास कुशीवर वळवीत नाहीं, ओठांवर चढणारी निळसर छटा ओळखीत नाहीं, आणि दाराबाहेर बसलेल्या आईशीं दोन शब्द बोलत नाहीं. पाहण्याचें व जागण्याचें काम कमी झालें नाहीं. तें फक्त दिसेनासें झालें. जें दिसत नाहीं त्याची वांटणी सोपी असते. एक खाट सांभाळणारीस दोन, आणि दोन सांभाळणारीस तीन, असें देणें यंत्रानें शक्य करून ठेविलें.

त्याचें फळ दिसूं लागावयास वेळ लागला नाहीं. १९७२ सालीं हे आणि ओकेन या अमेरिकन डॉक्टरांनीं अतिदक्षता विभागांतील परिचारिकांच्या मनावरील ताणाचें वर्णन प्रसिद्ध केलें. १९७४ सालीं फ्रॉइडनबर्गर यांनीं सेवाकार्यांतील माणसांच्या अशा अवस्थेस 'बर्न-आउट', म्हणजे जळून विझणें, हें नांव दिलें. पुढें १९८१ सालीं मॅसलॅक व जॅक्सन या विदुषींनीं तिचीं तीन अंगें सांगितलीं: मनाचा शीण, समोरच्या माणसाविषयीं येणारा कोरडेपणा, आणि आपल्या हातून कांहींच होत नाहीं ही भावना. यांतील दुसरें अंग आम्हांस सर्वांत दुःखद वाटतें. कारण जी करुणेपोटीं या कामास लागली, तिची करुणाच प्रथम आटते. २०१९ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें हा रोग नसून कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम आहे, असें ठरविलें. म्हणजे दोष परिचारिकेच्या प्रकृतींत शोधावयाचा नाहीं.

शिवाय ही एकट्या परिचारिकेची हानि नव्हे. अमेरिकेंतील पेनसिल्व्हेनिया संस्थानांतील १६८ रुग्णालयांचा अभ्यास २००२ सालीं प्रसिद्ध झाला. तो शस्त्रक्रियेच्या रुग्णांचा होता. दर परिचारिकेमागें एक रुग्ण वाढला, कीं तीस दिवसांत मृत्यु येण्याचा संभव शेंकडा ७ नें आणि परिचारिकेच्या जळून विझण्याचा संभव शेंकडा २३ नें वाढतो, असें त्यांत आढळलें. कॅलिफोर्नियानें १९९९ सालीं परिचारिकांच्या संख्येचा कायदा केला व २००४ पासून तो अंमलांत आणला. अतिदक्षता विभागांत एकीकडे दोहोंहून अधिक रुग्ण नसावेत, असा तेथें नियम आहे. पुढें कोविडची सांथ आली. २०२० सालीं इंग्लंडमधील नऊ अतिदक्षता विभागांतील ७०९ डॉक्टर, परिचारिका व इतर सेवकांस विचारतां, त्यांपैकीं शेंकडा ४५ जणांत मनोविकाराचीं किंवा मद्याच्या आहारीं गेल्याचीं गंभीर लक्षणें दिसलीं.

आमच्या देशांत ही उणीव जुनी आहे. १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालाप्रमाणें तेव्हां ४३,००० लोकांमागें एक परिचारिका होती. खासगी रुग्णालयांतील परिचारिकांचें वेतन व कामाची स्थिति यांसाठीं समिती नेमावी, असें सर्वोच्च न्यायालयास २०१६ सालींही सांगावें लागलें. आणि लहान रुग्णालयांतही दरमहा २०,००० रुपयांहून कमी वेतन नसावें, एवढीच माफक शिफारस त्या समितीनें केली. २२ मार्च २०२० रोजीं आपण सर्वांनीं गच्चीवर व दारांत उभे राहून थाळ्या वाजविल्या. ती कृतज्ञता खोटी नव्हती. परंतु थाळीच्या नादानें कोणाची पाळी संपत नाहीं.

सेवा हें व्रत आहे, त्यांत तास कसले मोजावयाचे, असें कोणी म्हणतील. त्यांस आम्ही कोपनहेगनच्या त्या विद्यार्थ्यांची आठवण देतों. त्यांचीही ती सेवाच होती. तथापि एका हातानें दोन पिशव्या दाब, असें त्यांस कोणी सांगितलें नाहीं, आणि थकलेल्या हाताच्या जागीं दुसरा हात आणणें यास कोणी चैन म्हटलें नाहीं. कारण हात थांबला तर श्वास थांबेल हें उघड होतें. आजही तें तितकेंच खरें आहे. फक्त तो हात आतां यंत्राच्या आड गेला आहे, इतकेंच.