आईची भीती, मुलाची नाडी

शस्त्रक्रियेसाठी मुलाला रुग्णालयात ठेवले की आईवडिलांनी दूर राहावे. ते दिसले की मूल रडते, असा समज इंग्लंडमध्ये १९५० च्या सुमारास रूढ होता. १९५२ साली जेम्स रॉबर्टसन यांनी हर्नियाच्या शस्त्रक्रियेसाठी दाखल झालेल्या दोन वर्षांच्या मुलीवर चित्रपट केला. ती फारशी रडत नव्हती, पण आतून कोमेजत होती. गप्प मूल म्हणजे सुखी मूल नव्हे, हे त्यातून दिसले. पुढे १९५९ च्या प्लॅट अहवालाने पालकांना मुलांकडे केव्हाही येऊ द्यावे, अशी शिफारस केली.

पण जवळ आलेली आईच घाबरलेली असेल तर? अमेरिकेत स्किपर आणि लिओनार्ड यांनी हे तपासले. त्यांचा प्रयोग १९६८ साली प्रसिद्ध झाला. टॉन्सिल काढण्यासाठी आलेली ३ ते ९ वर्षांची ८० मुले त्यात होती. काही आयांना परिचारिकेने पुढे काय घडेल ते नीट सांगितले, त्यांच्या शंका ऐकून घेतल्या. त्यांच्या मुलांची नाडी व रक्तदाब इतरांपेक्षा कमी वाढले. उलट्याही कमी झाल्या. धीर आईला दिला, गुण मुलाला आला!

२००७ साली झीव केन आणि सहकाऱ्यांनी ४०८ मुलांचा अभ्यास केला. भूल देताना पालक नुसते सोबत असण्यापेक्षा सगळ्या कुटुंबाची आधी तयारी करून घेणे अधिक उपयोगी ठरले. मुले कमी घाबरली, नंतर वेदनाशामकही कमी लागले.

आपल्या वर्गातल्या एखाद्या मुलाची शस्त्रक्रिया ठरली, तर त्याच्या पालकांना एवढेच सांगावे: मनातले सगळे प्रश्न डॉक्टरांना आधीच विचारा. तोही उपचारच आहे.