कुफ्र : अर्थ आणि अधिकार

मराठी माणसाच्या कानाला 'काफर' हा शब्द परका नाही. बखरींतून आणि ऐतिहासिक कादंबऱ्यांतून तो आपण लहानपणापासून वाचीत आलो आहोत, आणि त्याचा अर्थही आपण केव्हाच ठरवून टाकला आहे : मुसलमानाने मुसलमानेतराला दिलेली शिवी. नोकरीच्या निमित्ताने उत्तरेत येऊन राहिलेल्यांना या शब्दाचे आणखी एक रूप भेटते. मुशायऱ्यात शायर आपल्या प्रेयसीला 'काफिर' म्हणतो आणि श्रोते माना डोलावतात. एकच शब्द शिवीही असावा आणि लाडाचे संबोधनही असावे, हे कसे घडले, या कुतूहलातून प्रस्तुत लेखकाने या विषयाकडे पाहण्यास आरंभ केला. वाचनाअंती जे हाती आले ते अपेक्षेहून निराळे होते. काफर कोण, या प्रश्नावर सर्वांत कडवट वाद मुसलमान आणि इतर यांच्यामध्ये झाले नाहीत. ते मुसलमानांमध्येच आपसांत झाले. आणि त्या वादाच्या मुळाशी शब्दाच्या अर्थापेक्षाही एक वेगळा प्रश्न होता : दुसऱ्याच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याचा अधिकार कोणाचा?

प्रथम शब्दाची व्युत्पत्ती पाहू. 'क-फ-र' या अरबी धातूचा मूळ अर्थ 'झाकणे' असा आहे. रात्र सर्व काही झाकते म्हणून जुन्या अरबी भाषेत रात्रीला 'काफिर' म्हणत. शेतकरी बी मातीने झाकतो म्हणून तोही 'काफिर'. कुराणाच्या सत्तावन्नाव्या सूऱ्यात पाऊस पडून पीक तरारते आणि ते पाहून 'कुफ्फार' हर्षित होतात, असा एक दृष्टांत आहे. तेथे या शब्दाचा अर्थ 'शेतकरी' असाच बहुतेक भाष्यकारांनी घेतला आहे. पापक्षालनासाठी करावयाच्या प्रायश्चित्तालाही 'कफ्फारा' म्हणतात, कारण ते पाप झाकून टाकते.

या धातूला धर्माचा रंग चढला तो कृतघ्नतेच्या अर्थामधून. दुसऱ्याने केलेला उपकार झाकून ठेवणे, म्हणजेच न मानणे, हा कुफ्र. कुराणात 'शुक्र' आणि 'कुफ्र' ही जोडी अनेक ठिकाणी समोरासमोर येते. एक कृतज्ञता, दुसरी कृतघ्नता. या अर्थाचे एक मार्मिक उदाहरण मूसाच्या कथेत आहे. फिरऔनच्या घरी लहानाचा मोठा झालेला मूसा जेव्हा त्याच्यासमोर उभा राहतो, तेव्हा फिरऔन त्याला आपल्या घरच्या पालनपोषणाची आठवण देऊन 'काफिर' ठरवितो. म्हणजे कुराणात हा शब्द एका पैगंबरालाही लावला गेला आहे, आणि तो लावणारा स्वतः ईश्वराला न मानणारा राजा आहे! इतकेच नव्हे, तर खोट्या दैवतांचा 'कुफ्र' करणे, म्हणजे त्यांना नाकारणे, हे श्रद्धावंताचे लक्षण म्हणून सांगितले आहे. तोशिहिको इझुत्सु या जपानी पंडिताने १९५९ आणि १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांतून कुराणातील नैतिक संज्ञांचे जे विश्लेषण केले, त्यात कृतघ्नतेकडून अश्रद्धेकडे झालेला हा अर्थप्रवास बारकाईने उलगडून दाखविला आहे. ईश्वराचे उपकार उघड दिसत असता ते झाकणारा तो काफिर, अशी ही कल्पना आहे. केवळ न जाणणे निराळे आणि जाणून नाकारणे निराळे, हा भेद तिच्या पोटातच आहे.

पुढील कोशकारांनी व धर्मशास्त्रकारांनी हा भेद अधिक रेखीव केला. मनानेही न ओळखणे आणि मुखानेही न मानणे हा एक प्रकार. मनाला पटलेले असून मुखाने नाकारणे हा दुसरा. मनाला पटले, मुखाने कबूलही केले, परंतु अभिमानामुळे शरण जाणे नाही, हा तिसरा. आणि मुखाने मान्य करून मनात नाकारणे, म्हणजे 'निफाक' अथवा दांभिकता, हा चौथा. या वर्गीकरणाकडे नीट पाहिले असता एक गोष्ट ध्यानात येते. चारही प्रकारांची कसोटी मन ही आहे. आणि मन दुसऱ्याला दिसत नाही. पैगंबरांच्या काळातील एक प्रसंग हदीसग्रंथांत नोंदलेला आहे. उसामा बिन झैद या तरुण सहकाऱ्याने लढाईत एका माणसाला, त्याने श्रद्धेचे वाक्य उच्चारल्यानंतरही, ठार केले. भीतीने तो तसे म्हणाला, असे उसामाचे समर्थन होते. त्यावर पैगंबरांनी त्याला विचारले की, तू त्याचे हृदय चिरून पाहिलेस काय? माझ्या मते इस्लामी धर्मशास्त्रातील या संबंध वादाचे सार या एका प्रश्नात आले आहे.

परंतु प्रश्न विचारला गेला म्हणून माणसे थांबली नाहीत. पैगंबरांच्या निधनानंतर उणीपुरी पंचवीस वर्षे होतात न होतात तोच, ६५७ मध्ये, फुरात नदीच्या काठी सिफ्फीन येथे खलिफा अली आणि मुआविया यांच्या सेना समोरासमोर आल्या. लढाई थांबवून लवादाकडे प्रश्न सोपविण्याचे ठरले, तेव्हा अलींच्या पक्षातील काही जण संतापून बाहेर पडले. निवाडा ईश्वराचा, माणसांचा नव्हे, असे त्यांचे म्हणणे. हेच ते 'खारिजी', म्हणजे बाहेर पडलेले. महापातक करणारा मुसलमान हा मुसलमान राहतच नाही, तो काफिर होतो, असे त्यांनी प्रतिपादिले; त्यांतील जहाल गटांनी तर अशा माणसाचे रक्त सांडणेही वैध मानले. ६५८ मध्ये नहरवान येथे अलींनी त्यांचा पराभव केला. परंतु ६६१ मध्ये कूफाच्या मशिदीत अलींवर प्राणघातक वार झाला तो एका खारिजीच्याच हातून. पैगंबरांचा चुलतभाऊ आणि जावई, प्रथम इस्लाम स्वीकारणाऱ्यांपैकी एक, तोच धर्मबाह्य ठरून मारला गेला. निवाडा केवळ ईश्वराचा, असे म्हणणाऱ्यांनीच तो निवाडा आपल्या हाती घेतला, यातील विसंगती त्यांना जाणवली नाही.

या आघाताने इस्लामी विचारवंतांना अंतर्मुख केले. पुढील शंभर वर्षांत जे पंथ उदयास आले, त्यांतील बहुतेकांच्या पहिल्या चर्चेचा विषय हाच होता : पापी मुसलमान कोण? 'मुर्जिआ' म्हणून ओळखल्या जाणाऱ्यांनी उत्तर दिले की, हा निर्णय पुढे ढकलावा. 'इर्जा' या शब्दाचा अर्थच लांबणीवर टाकणे असा आहे. आपल्यासारख्या कचेरीत आयुष्य घालविणाऱ्यांना ही वृत्ती समजण्यास कठीण नाही. जे आपल्या अधिकारकक्षेत नाही, ते प्रकरण शेरा न मारता वर पाठवावे! येथे 'वर' म्हणजे कयामतच्या दिवशी ईश्वरासमोर, इतकाच फरक. कूफाच्याच अबू हनीफा यांनी (६९९–७६७) श्रद्धा म्हणजे मनाची मान्यता आणि मुखाची कबुली, असे ठरवून कर्मे श्रद्धेच्या व्याख्येबाहेर ठेविली. पापाने माणूस पापी होतो, काफिर होत नाही. हिंदुस्थानातील बहुसंख्य सुन्नी मुसलमान याच हनफी परंपरेचे होत. बसऱ्यात वासिल बिन अता (मृत्यू ७४८) याने तिसरी वाट काढली : महापातकी हा श्रद्धावंतही नव्हे आणि काफिरही नव्हे, तो या दोहोंच्या मधल्या स्थानी असतो. त्याच्यापासून मुताझिला पंथ निघाला, असे परंपरा मानते.

खारिजींमधूनच निघालेल्या, परंतु सौम्य अशा इबादी पंथाचे उत्तर मला सर्वांत उद्बोधक वाटते. ओमानमध्ये हा पंथ आजही प्रमुख आहे. इबादींनी कुफ्राचे दोन भाग केले. एक ईश्वराशी दुसऱ्याला भागीदार करण्याचा, आणि दुसरा ईश्वरी कृपेविषयी कृतघ्न होण्याचा. चुकलेल्या मुसलमानाला त्यांनी दुसऱ्या वर्गात घातले. त्यामुळे त्याचे जीवित आणि वित्त सुरक्षित राहिले, त्याच्याशी विवाहसंबंधही शक्य झाले. शब्दाचा मूळ अर्थ जागा ठेवल्यामुळे माणसांचे प्राण वाचले, असे हे उदाहरण होय.

सत्ता आणि सिद्धांत एकत्र आले की काय होते, हे ८३३ मध्ये दिसून आले. कुराण निर्मित की अनादी, या प्रश्नावर खलिफा मामूनने मुताझिलांच्या बाजूने पंडितांची सक्तीने परीक्षा सुरू केली, आणि पुढे त्याच्या वारसाच्या काळात अहमद बिन हंबल यांना फटके खावे लागले. उलट पक्षी, कुराण निर्मित म्हणणारा काफिर, असे हंबल यांच्या अनुयायांनी म्हटले. मधले स्थान शोधणारे मुताझिला या वेळी सरकारी बाजूला होते, ही इतिहासाची खोचक बाजू.

या गोंधळात नियम घालून देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न गझालींनी (१०५८–११११) केला. हे तेच गझाली, ज्यांनी १०९५ च्या सुमारास तत्त्वज्ञांवर ग्रंथ लिहून त्यांची वीस मते खोडून काढली होती आणि त्यांतील तिन्हींना, म्हणजे जगाचे अनादित्व, ईश्वराला केवळ सामान्याचे ज्ञान असणे आणि देहासह पुनरुत्थान नाकारणे यांना, कुफ्र म्हटले होते. पुढे श्रद्धा आणि कुफ्र यांची सीमा ठरविणारा 'फैसलुत्तफ्रिका' हा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिला. त्यातील व्याख्या नेमकी आहे : पैगंबरांनी जे आणले, त्यात त्यांना खोटे ठरविणे म्हणजे कुफ्र. केवळ एखाद्या वचनाचा निराळा अर्थ लावणे म्हणजे कुफ्र नव्हे. म्हणून अशअरी मताशी न जुळणारा तो काफिर, असे म्हणणाऱ्यांची त्यांनी चांगलीच हजेरी घेतली. त्याहून लक्षणीय आहे ते त्यांचे मुसलमानेतरांविषयीचे विवेचन. ज्यांच्या कानी पैगंबरांचे नावच गेले नाही ते, ज्यांच्या कानी ते विपर्यस्त रूपाने गेले ते, आणि ज्यांनी खरे स्वरूप जाणूनही पाठ फिरविली ते, असे तीन वर्ग करून पहिल्या दोघांना त्यांनी क्षम्य मानले. आपल्या काळातील दूरदेशीचे बहुसंख्य रूमी ख्रिस्ती आणि तुर्क हे ईश्वरी दयेच्या कक्षेत येतील, अशी आशा त्यांनी व्यक्त केली. जाणून झाकणे, हा मूळ अर्थ येथे पुन्हा प्रकट होतो. गझालींनी तत्त्वज्ञांवर ठेवलेल्या आरोपाला कुर्तुब्याच्या इब्न रुश्दने (११२६–११९८) उत्तर दिले की, तात्त्विक प्रश्नांत सर्व विद्वानांचे एकमत झाल्याचे निश्चित सांगताच येत नाही. मग एकमत मोडल्याचा आरोप तरी कसा टिकेल? पुढे ११९५ मध्ये खुद्द त्यालाच हद्दपारी सोसावी लागली, आणि तत्त्वज्ञानाचे ग्रंथ जाळले गेले.

हिंदुस्थानात आल्यावर हा शब्द राज्यकारभाराचा झाला. येथील बहुसंख्य प्रजा मूर्तिपूजक. तिला 'जिझिया' घेऊन संरक्षण देता येते काय, हा प्रश्न होता. बरनीने आपल्या इतिहासात बयान्याचे काझी मुघीस आणि अलाउद्दीन खिलजी यांचा संवाद दिला आहे. त्यात काझी सांगतात की, हिंदूंकडून जिझिया घेण्याची मुभा केवळ अबू हनीफांच्या मतात आहे. इतर पंथांच्या मते दोनच पर्याय, इस्लाम किंवा मृत्यू. कूफातील एका पंडिताच्या मताचा दिल्लीतील कोट्यवधींच्या जगण्याशी असा संबंध पोचला. ही सवलत अर्थातच समानतेची नव्हती. जिझिया देणे म्हणजे दुय्यमत्व मान्य करणे होते, आणि ते शल्य खरे होते. अकबराने १५६४ मध्ये हा कर उठविला, औरंगजेबाने १६७९ मध्ये तो पुन्हा लादला. याच औरंगजेबाने १६५९ मध्ये सख्ख्या भावाला, उपनिषदांचे फारसी भाषांतर सिद्ध करणाऱ्या दारा शुकोहला, धर्मच्युत ठरवून मारले. पुढे दाराच्या स्नेह्यातील सरमद या फकिराचाही शिरच्छेद झाला. दिल्लीच्या जामा मशिदीच्या पूर्वेकडील दरवाजाजवळ सरमदची कबर आहे. ज्याला धर्मबाह्य ठरविले, त्याच्या कबरीवर आज श्रद्धावंत फुले वाहतात.

सूफींनी आणि शायरांनी या शब्दाचा जो उलटा उपयोग केला, त्याचे मर्म येथे उमगते. निवाडा करणाऱ्यांनी जो शब्द शस्त्र म्हणून उगारला, तो त्यांनी हसत अंगावर घेतला. आपल्या महाराष्ट्रात पैठणच्या एकनाथांनी (१५३३–१५९९) तेच निराळ्या रीतीने केले. त्यांच्या 'हिंदु-तुर्क संवादा'त दोघे एकमेकांना हिणवितात, 'काफर'ला विटाळाने उत्तर मिळते, शास्त्रांची उणीदुणी निघतात, आणि शेवटी दोघे एकमेकांना भेटतात. काफर हा शब्द आणि विटाळ हा शब्द यांना एकाच तराजूत घालण्याचे धैर्य नाथांना झाले, हे आपण विसरता कामा नये. माणसाला बाहेर ठेवण्याचा शब्द प्रत्येक समाजाने आपापल्या भाषेत घडविलेला आहे.

आधुनिक काळात हा प्रश्न न्यायालयात आणि विधिमंडळात गेला. १९५३ मध्ये पाकिस्तानच्या पंजाबात अहमदियांविरुद्ध दंगली झाल्या. त्यांच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती मुनीर आणि कयानी यांनी १९५४ मध्ये जो अहवाल दिला, तो मुळातून वाचण्याजोगा आहे. 'मुसलमान म्हणजे कोण?' असा साधा प्रश्न त्यांनी अनेक उलेमांना विचारला. कोणत्याही दोघांचे उत्तर जुळले नाही. एकाची व्याख्या स्वीकारली तर इतर सर्वांच्या दृष्टीने आपण काफिर ठरतो, असा निष्कर्ष न्यायमूर्तींनी नोंदविला. तरीही १९७४ मध्ये तेथील घटनेत दुरुस्ती होऊन अहमदिया मुसलमानेतर ठरले. हृदय चिरून पाहण्याचे काम आता कायद्याच्या कलमाने आपल्याकडे घेतले.

याच्या उलट दिशेची पावलेही पडली आहेत. २००५ मध्ये जॉर्डनच्या अम्मान शहरी सुमारे पन्नास देशांतील दोनशे विद्वानांनी एकत्र येऊन सुन्नी, शिया, इबादी अशा आठ विधिपरंपरांच्या अनुयायांना काफिर ठरविणे निषिद्ध, असे जाहीर केले. त्यात तेराशे वर्षांपूर्वी फुटलेल्या खारिजींच्या दूरच्या वारसांनाही स्थान मिळाले. २०१९ मध्ये इंडोनेशियातील 'नहदतुल उलमा' या विशाल संघटनेने बंजर येथील परिषदेत आणखी पुढचे पाऊल टाकले. राष्ट्राच्या संदर्भात मुसलमानेतर नागरिकांना 'काफिर' न म्हणता 'मुवातिन', म्हणजे देशबांधव, म्हणावे, असे तिने ठरविले. धर्मशास्त्रातील संज्ञा रद्द झाली नाही. तिची कक्षा आखली गेली. एखाद्या संज्ञेचे स्थान कोठे आहे आणि कोठे नाही, हे ठरविणे पुष्कळदा ती पुसून टाकण्यापेक्षा अधिक उपकारक असते.

कुफ्र ही इस्लामची एक गंभीर संकल्पना आहे. ती मृदू करून सांगण्याचे कारण नाही. ईश्वराला नाकारणे हे त्या धर्माच्या दृष्टीने सर्वांत मोठे पाप आहेच. परंतु त्या धर्मातील विचारी पुरुषांनी वारंवार बजावले की, पाप मोठे असणे ही एक गोष्ट आणि ते अमक्याने केले असे ठरविण्याचा अधिकार आपणास असणे ही दुसरी. भावाला काफिर म्हटले असता तो शब्द दोघांपैकी एकावर येऊन बसतो, असा इशाराही हदीसमध्ये आहे. इतिहासात रक्त सांडले ते बहुधा ही दुसरी गोष्ट विसरल्यामुळे. अरबी शेतकरी बी मातीने झाकीत असे म्हणून त्याला काफिर म्हणत. मातीखाली काय आहे, हे वरून चालणाऱ्याला दिसत नाही.