नाव नवे, सांगाडा जुना

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडाशी आमच्या धर्मग्रामातील एक माउली आपल्या थोरल्या मुलाला घेऊन आमच्याकडे आली. मुलाने हॉटेल व्यवस्थापनाचा अभ्यासक्रम पूर्ण केला होता आणि एका प्रवासी जहाजाच्या भोजनगृहात त्याला नोकरी मिळत होती. करारपत्र आम्ही वाचून पाहावे, एवढीच तिची विनंती. परंतु तिच्या मनात एक शंका होती. मुलाने त्या जहाजाची छायाचित्रे शोधली असता तेच जहाज, तोच आकार, त्याच खिडक्या, पण अंगावर वेगळा रंग आणि वेगळेच नाव असे आढळले होते. ती म्हणाली, "फादर, ह्या जहाजाला दोन नावं कशी? मानूस दोन नावं लावतो तव्हा पोलीस त्याला धरत्यात."

आम्ही हसलो खरे, पण उत्तर आम्हालाही ठाऊक नव्हते. बीड जिल्ह्यात समुद्र नाही. आमच्या बिंदुसरेला उन्हाळ्यात पाणी असले तरी पुष्कळ झाले. तेव्हा जहाजांच्या या नामांतराचा शोध घेण्यास आम्ही बसलो, आणि जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटले, कारण असा मुलगा आता एकाच घरात नाही.

प्रवासी जहाजाचा सांगाडा चाळीस-पन्नास वर्षेही टिकतो. हौस मात्र इतकी टिकत नाही. नवी, अधिक मोठी, अधिक झगमगीत जहाजे आली की मोठ्या कंपन्या पंचवीस-तीस वर्षांचे जहाज विकतात किंवा भाड्याने देतात. घेणारा ते सुक्या गोदीत चढवतो, तळाचे शेवाळ व शंखशिंपले खरवडतो, यंत्रे तपासतो, गालिचे आणि पडदे बदलतो, धुराड्यावर आपले चिन्ह रंगवतो आणि नवे नाव देतो. भाडेकरारही दोन तऱ्हांचे असतात. एकात मालक आपल्या कप्तान-खलाशांसह जहाज ठरावीक मुदतीसाठी देतो. दुसऱ्यात नुसते जहाज मिळते, आणि माणसे, इंधन, डागडुजी सारे भाडेकरूने पाहायचे. आमच्या भागातील वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. बंद पडलेला सहकारी साखर कारखाना कोणी भाडेतत्त्वावर चालवायला घेतो, कमानीवरचा फलक बदलतो, चिमणीला रंग लागतो. गव्हाण तीच, गाळप तेच. आणि मागील हंगामाची थकलेली बिले कोणाकडे मागायची, हा प्रश्नही तोच.

मुंबईकरांनी अलीकडे पाहिलेले ठळक उदाहरण 'कर्णिका' जहाजाचे. संस्कृतात कर्णिका म्हणजे कानातील भूषण, तसाच कमळाचा मधला गाभा. २०१९ च्या एप्रिलमध्ये जालेश क्रूझेस या भारतीय कंपनीने या नावाने जे जहाज मुंबईहून सुरू केले, ते इटलीतील मोनफाल्कोने येथे बांधले गेले होते आणि १९९० मध्ये 'क्राउन प्रिन्सेस' या नावाने समुद्रात उतरले होते. लांबी सुमारे २४५ मीटर. प्रख्यात वास्तुविशारद रेन्झो पियानो यांचा त्याच्या रचनेत हात होता, आणि त्याच्या माथ्याचा आकार डॉल्फिनच्या डोक्यासारखा गोलसर ठेवला होता. २००२ मध्ये ते जर्मन प्रवाशांसाठी 'आरोझा ब्लू' झाले. २००४ मध्ये 'आयडाब्लू' झाले, २००७ मध्ये ब्रिटिश प्रवाशांसाठी 'ओशन व्हिलेज टू', आणि २००९ मध्ये ऑस्ट्रेलियात 'पॅसिफिक ज्युवेल'. आमची कर्णिका ही सहावी. प्रत्येक वेळी देश वेगळा, जेवण वेगळे, संगीत वेगळे. डॉल्फिनचे डोके तेवढे कोणाला बदलता आले नाही.

पुढची कथा दुःखद आहे. वर्षही उलटले नाही तोच २०२० च्या मार्चमध्ये महामारीने साऱ्या जगातील प्रवासी जहाजे थांबवली. ऑक्टोबरात कंपनीने कारभार बंद केला, मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने जहाजाचा लिलाव झाला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गुजरातमधील अलंगच्या किनाऱ्यावर तोडण्यासाठी चढवले गेले.

तरीही मुंबईचा हा व्यवहार थांबला नाही. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया क्रूझेसने 'एम्प्रेस' सुरू केले. तेही १९९० चेच, फ्रान्सच्या सेंट नाझेर येथे बांधलेले, मूळचे 'नॉर्डिक एम्प्रेस'. पुढे याच कंपनीसाठी 'नॉर्वेजियन स्काय' आणि 'नॉर्वेजियन सन' ही दोन जहाजे भाडेकराराने येणार असल्याचे २०२५ मध्ये जाहीर झाले, तेव्हा त्यांची नवी नावेही सांगितली गेली. यांपैकी 'स्काय'चा जन्मच गमतीचा. इटालियन कंपनीसाठी 'कोस्टा ऑलिंपिया' म्हणून बांधावयास घेतलेले ते जहाज जर्मन गोदीचे दिवाळे निघाल्याने अर्धवट पडले, दुसऱ्या कंपनीने ते पुरे करून घेतले आणि १९९९ मध्ये वेगळ्याच नावाने ते पाण्यात आले. मधली काही वर्षे ते हवाई बेटांत 'प्राइड ऑफ अलोहा' म्हणूनही फिरले. बाळाच्या बारशाआधीच नाव बदलावे, तसा प्रकार.

पण आमचे मन ज्या जहाजात गुंतले ते याहून जुने आहे. गुरुविद्यालयात असताना आमचे एक वृद्ध प्राध्यापक आपल्या रोमच्या प्रवासाचे वर्णन रंगून करीत. त्या काळी विमानाचे भाडे परवडत नसे. मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून लॉइड त्रिएस्तिनो या इटालियन कंपनीची 'आशिया' आणि 'व्हिक्टोरिया' ही जुळी पांढरीशुभ्र जहाजे सुटत, आणि कराची, सुएझ करीत इटलीला पोहोचत. एडनला उतरून किती पावले चाललो, हेही ते सांगत. दोन्ही जहाजे १९५३ ची. त्यांचे पुढे काय झाले हे मात्र प्राध्यापकांनी कधी सांगितले नाही. बहुधा त्यांनाही ठाऊक नसावे.

'आशिया' १९७५ मध्ये विकले गेले. त्यातील केबिनी काढून तेथे मेंढ्यांचे कप्पे करण्यात आले आणि 'पर्शिया' या नावाने ते जिवंत मेंढ्या वाहू लागले. ज्या भोजनगृहात आमचे प्राध्यापक काटे-चमचे धरायला शिकले, त्या जहाजावर मेंढ्या! हे कळले असते तर ते मनसोक्त हसले असते.

'व्हिक्टोरिया'च्या नशिबी निराळेच काही होते. १९७८ मध्ये 'मर्सी शिप्स' ही ख्रिस्ती सेवासंस्था डॉन आणि डेयॉन स्टीफन्स या दांपत्याने सुरू केली, आणि या संस्थेचे पहिले जहाज म्हणून सुमारे १० लाख डॉलरांना 'व्हिक्टोरिया' घेतले गेले. ग्रीसमध्ये सुमारे चार वर्षे त्याची दुरुस्ती चालली. पैसे नसत, हात मात्र असत. मालाच्या कोठारांच्या जागी तीन शस्त्रक्रियागृहे आणि रुग्णकक्ष उभे राहिले. नवे नाव ठेवले 'अनास्तासिस'. या ग्रीक शब्दाचा अर्थ पुनरुत्थान. नामांतराच्या एवढ्या कथांत अर्थाला जागलेले नाव आम्हाला हे एकच सापडले. १९८२ मध्ये ते ग्रीसमधून निघाले, आणि पुढे पश्चिम आफ्रिकेच्या बंदरांत महिनोन्महिने नांगर टाकून राही. दुभंगलेले ओठ, मोतीबिंदू, चेहऱ्यावरील गाठी यांवर तेथे विनामूल्य शस्त्रक्रिया होत, आणि डॉक्टर-परिचारिका स्वतःच्या खर्चाने येऊन काम करीत.

२००७ मध्ये अनास्तासिसही अलंगला आले. मुंबईहून निघालेल्या त्या पांढऱ्या जहाजाचा शेवट मुंबईपासून फार दूर झाला नाही. खंबातच्या आखातात भरती प्रचंड असते. भरतीच्या वेळी जहाज स्वतःच्या जोराने किनाऱ्यावर चढवतात, ओहोटीला ते चिखलात उघडे पडते आणि माणसे गॅसच्या ज्योतीने त्याचे तुकडे करतात. तुकड्यांच्या सळया होतात. मराठवाड्यातील एखाद्या स्लॅबमध्ये ते लोखंड नसेलच असे कोणी सांगावे?

त्याच सुमारास अलंगला 'ब्लू लेडी' उभे होते. मूळचे 'फ्रान्स', १९६२ मध्ये सेवेत आलेले, सुमारे ३१६ मीटर लांबीचे, त्या देशाचा अभिमान. १९७४ मध्ये सरकारी मदत थांबली आणि ते बंदरात पडून राहिले. १९८० मध्ये ते 'नॉर्वे' झाले. पळण्याची घाई आता नव्हती, म्हणून चारपैकी दोन पंखे काढून इंधन वाचवले गेले. २००३ मध्ये मायामी बंदरात त्याचा बाष्पक फुटून आठ कामगार मरण पावले. प्रवाशांपैकी कोणी दगावले नाही. बाष्पकाजवळ प्रवासी नसतात, हे सांगायला नको. पुढे अंगातील अॅस्बेस्टॉसमुळे ते तोडावे की नाही हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २००७ मध्ये परवानगी मिळाली.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. जहाजाचे नाव बदलता येते, मालक बदलतो, ध्वज बदलतो. मालक एका देशाचा, ध्वज पनामा किंवा बहामाचा, चालवणारा तिसऱ्याच देशाचा, आणि भांडी घासणारा, ताट वाढणारा आपला, असे सर्रास असते. मग वेतन बुडाले तर धरायचे कोणाला? ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या लोकांना हा प्रश्न आजचा नाही. मुकादम उचल देतो, कारखाना मुकादमाकडे बोट दाखवतो, मुकादम कारखान्याकडे.

समुद्राच्या कायद्याने येथे एक मोठी शहाणी गोष्ट केली आहे. खलाशाच्या थकीत वेतनाचा हक्क मालकाच्या मागे न लागता जहाजाच्या मागे लागतो. भारताच्या २०१७ च्या नाविक दाव्यांच्या अधिनियमाने, जो १ एप्रिल २०१८ पासून लागू झाला, जहाजावरील अशा सागरी हक्कांत कामगारांच्या वेतनाला पहिले स्थान दिले आहे. मालक बदलला, ध्वज बदलला, तरी तो हक्क वेतन थकल्यापासून दोन वर्षे जहाजाला चिकटून राहतो. न्यायालय जहाजच अडकवून ठेवू शकते. लिलाव झाला तर त्या पैशावर तो हक्क पोहोचतो. शिवाय आंतरराष्ट्रीय सागरी श्रम कराराप्रमाणे, मालकाने वाऱ्यावर सोडल्यास चार महिन्यांपर्यंतच्या वेतनाची विम्याने हमी द्यावी लागते, आणि नोकरी लावून देण्याबद्दल मुलाकडून पैसे घेण्यास मनाई आहे. हे शेवटचे वाक्य आमच्या वाचकांनी दोनदा वाचावे. ऊस तोडणाऱ्याच्या मागे असा कायदा का नसावा, हा प्रश्न आमच्या मनात आला तो अजून गेलेला नाही. कापणी करणाऱ्यांच्या बुडवलेल्या मजुरीविषयी याकोबाने आपल्या पत्रात जे कडक शब्द लिहिले, ते शेतमजुरांसाठीच लिहिले होते.

जहाज ओळखायचे कसे, तेही सापडले. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने १९८७ मध्ये प्रत्येक जहाजाला सात आकडी क्रमांक देण्याची पद्धत आणली आणि १९९६ पासून ती सक्तीची झाली. हा क्रमांक सांगाड्यावर कायमचा कोरावा लागतो. प्रवासी जहाजावर तो आकाशातूनही वाचता यावा असा नियम आहे. सहा नावे बदलली तरी क्रमांक एकच. बाप्तिस्म्याने आत्म्यावर अमिट ठसा उमटतो असे धर्मशिक्षणात आम्ही मुलांना शिकवतो, त्याची आठवण झाली. तुलना थोडी ओढूनताणून आहे, हे कबूल.

करारपत्रावर तो क्रमांक होता. तो घेऊन आम्ही व त्या मुलाने जहाजाची मागील नावे लिहून काढली, चार भरली. नोकरी लावणारी संस्था नौवहन महासंचालनालयाच्या नोंदणीत आहे की नाही तेही पाहिले. ती होती. एका पाहुण्याने "ओळखीतून काम करून देतो" म्हणून मागितलेले पैसे माउलीने दिले नाहीत.

मुलगा नोव्हेंबरात गेला. त्याच सुमारास आई-बाप सांगली जिल्ह्यात तोडीवर गेले. नाताळच्या रात्री त्याचा फोन तिला उसाच्या फडातल्या कोपीवर आला. जहाज एका सुक्या गोदीत जाणार आहे, कदाचित रंग आणि नाव पुन्हा बदलेल, असे तो म्हणाला. तिने विचारले, "आन् नंबर?" क्रमांक तोच राहील, असे त्याने सांगितले. तो तिने आपल्या प्रार्थनापुस्तकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे, कोयत्याच्या हिशेबाखाली.