लाळेरं, पिंपळी आणि छावणीतला पारा

अचलपुरात दात येणाऱ्या बाळाच्या गळ्यात लाळेरं दिसलं की मला बरं वाटतं. त्या लाळेला औषध लागत नाही. तरी आमची आजी गुटीच्या सहाणेवर वेखंडाचे आणि पिंपळीचे दोन वेढे द्यायचीच. पिंपळी जवळचीच, अंजनगाव सुर्जीच्या बारी मंडळींच्या मळ्यातली: सावलीत वाढलेल्या वेलाची फळं, उन्हात वाळवून काळी केलेली. चघळली की जीभ झणझणते, मग बधिर होते, तोंडाला पाणी सुटतं. वैद्य ती कफावर देत, पण सतत वापरू नका, असं चरकसंहितेत बजावलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकात इथून जवळच्या परतवाड्याला हैदराबाद कंटिन्जंट या फौजेची छावणी होती. त्या शतकाच्या पूर्वार्धात अशा छावण्यांतले विलायती डॉक्टर तापावर, यकृतावर पाऱ्याचं कॅलोमेल सर्रास देत, आणि रोग्याची लाळ वाहू लागली की औषध लागू पडलं असं मानत. ती खरं तर पाऱ्याची विषबाधा होती! हिरड्या सुजत, दात हलत. उपचाराच्या नावानं माणसांचे असे हाल झाले, याचा मला आजही संताप येतो.

आता आमच्या कपाशीच्या शेतात वेगळंच विष आहे, कीटकनाशकाचं. फवारणी करणाऱ्याची लाळ गळू लागली, घाम सुटला, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीएवढ्या झाल्या, तर घरगुती उपाय करत बसू नये. कपडे उतरवून अंग साबणानं धुवावं आणि तडक दवाखाना गाठावा; तिथं त्यावरचा उतारा, अ‍ॅट्रोपिन, मिळतो. कंपवातानं लाळ गळणाऱ्या म्हाताऱ्यांचं मात्र निराळं: त्यांची लाळ वाढलेली नसते, गिळणं मंदावलेलं असतं.